ओंडक्याखालचा ट्राउट

मॉंटानातल्या विलो ओढ्याच्या तिसऱ्या वळणावर, पाइनच्या आडव्या ओंडक्याखाली एक थोराड ट्राउट मासा राहत होता, आणि वेंडेल चार उन्हाळे त्याच्या मागे होता. खायचा नव्हताच त्याला. धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. ओढ्यावरचा नियमच तसा. पण वेंडेलने गळाला लावायला रात्ररात्र बसून बांधलेल्या पिसांच्या नकली माश्यांकडे त्या माशाने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याची बायको ऑड्रा शाळेतून निवृत्त झाली आणि तिनेही गळ हातात घेतला. शिकवलं वेंडेलनेच. आधी कौतुक वाटलं. मग तिची माशी पाण्यावर अलगद उतरायला लागली, येणारेजाणारे थांबून बघायला लागले, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. "आज किती?" असं तो विचारायचा खरा, पण उत्तर यायच्या आत बुटाच्या नाड्या सोडायला वाकायचा.

सप्टेंबरातल्या एका सकाळी तो कमरेइतक्या पाण्यात तासभर झटला. काही नाही.

"जरा मी बघू का?" काठावरून ऑड्रा म्हणाली.

"बघ की. ओढा काय माझ्या बापाचा आहे?"

तिच्या तिसऱ्या फेकीला पाणी उसळलं. काठी कमान होऊन वाकली.

"वेंडेल! अरे, तोच आहे! जाळी आण, जाळी!"

तो धावला. मासा दमून कडेला आला होता. सोनेरी पोट, लाल ठिपके, बोटांपासून कोपरापर्यंत लांब. वेंडेलने जाळी माशाखाली घातलीच नाही, ताणलेल्या दोरीवर मारली. रुतून बसणारा उलटा काटा नसलेला तो गळ सुटला. शेपटीचा एक फटकारा, आणि मासा गेला.

"पाय सरकला गं," तो म्हणाला.

"असू दे. सोडणारच होते."

ती चिडली असती तर बरं, असं त्याला झालं. काठावर बसून कॉफी पिताना त्याला राहवेना.

"पाय नाही सरकला. मुद्दाम मारली मी जाळी."

"दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? साठीचा बाप्या माशावरून रुसलाय म्हणून?" ऑड्राने कपात आणखी कॉफी ओतली. "जूनमध्ये धरला होता मी त्याला. तू दाताच्या डॉक्टरकडे गेलास ना, त्या दिवशी. सोडला आणि घरी आले. तुला सांगवलं नाही."

वेंडेलचे कान तापले. तीन महिने तो जेवताना 'उद्या धरतोच बघ' म्हणत होता, आणि ही मान डोलावत बटाटे वाढत होती! माफी मागावी असं खरंच मनात आलं, अगदी ओठांपर्यंत आलं.

"कोणत्या माशीवर?" त्याने विचारलं.

ऑड्राला हसू आवरेना. मग त्याने माफी मागितली, आणि तिने ती दिलीही. माशीचं नाव मात्र सांगितलं नाही. दुपारभर तिच्या डबीकडे चोरून बघत तो एकेक माशी बदलत राहिला, आणि हात हलवत घरी आला.