दोन खऱ्या, एक खोटी

मयुरानं टिश्यूपेपरचा दुसरा रोल फोडला आणि इराच्या खांद्यावरून पदरासारखा खाली सोडला. तेवढ्यात वारा आला. पदर कमरेपासून फाटला आणि पाण्याच्या टाकीकडे उडून गेला.

"हलू नकोस ना."

"मैं कहाँ हिल रही हूँ," इरा म्हणाली. "हवा चल रही है."

इरा शेजारच्या क्वार्टरमधली, मयुराची लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या घरीही मराठीच होती, पण ती मराठीत ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. सकाळपासून दोघी झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या या गच्चीवर दुपारच्या पार्टीचे खेळ करून बघत होत्या. पुण्याला नोकरीला लागल्यापासून मयुरानं मैत्रिणींच्या अशा बऱ्याच पार्ट्या पाहिल्या होत्या. लग्नाआधी नवरीला मध्ये बसवायचं, बायकांनीच मिळून खेळ खेळायचे, तिला हसवायचं, थोडं छळायचं. तिथल्या नवऱ्या पंचविशीच्या असत. इथली नवरी पन्नाशीला आली होती आणि ती मयुराची आई होती.

स्नेहलता वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर होती. मयुरा सहावीत असताना बाबा गेले आणि त्यांच्या जागी आई हेल्पर म्हणून लागली. पुढे परीक्षा देत देत तिनं हातात वेल्डिंगचा होल्डर घेतला. शाळेत सगळ्यांच्या आया काय करतात ते सांगायची वेळ आली की मयुरा हात वर करून आधी बोलायची. आता येत्या रविवारी त्या आईचं जयदीपरावांशी लग्न होतं. ते बबीनाच्या वाटेवरच्या सरकारी कंपनीत इंजिनियर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वभावानं शांत. मयुराला माणूस पसंत होता.

अडचण एकच होती. कोणताही खेळ घेतला तरी त्यात कुठेतरी बाबा येत होते. 'नवरीला किती ओळखता' या खेळातून तिनं पहिल्या लग्नाचे प्रश्न गाळले. जुने फोटो ओळखण्याचा खेळ तर अख्खाच काढून टाकला, कारण प्रत्येक फोटोत आईच्या शेजारी तेच उभे होते. आजच्या दिवशी आईला कुणापुढे मान खाली घालावी लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

"हा काय प्रकार आहे?"

दोघी दचकल्या. जिन्याच्या दारात अरुंधती आत्या उभी होती, एका हातात स्टीलचा डबा, दुसरा हात गुडघ्यावर. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. खंडेराव गेटपाशी राहायची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि आवाज मात्र अजून वर्गातलाच होता. आईच्या लग्नाचा विषय निघाल्यापासून ती या घरी फिरकली नव्हती. मयुरानं तिला आजचं आमंत्रण दिलं नव्हतं.

"आत्या, तू... आईनं फोन केला होता?"

"मग काय, मी आगंतुक आलेय?" आत्यानं डबा कठड्यावर ठेवला. "हिला बँडेज का बांधलंय?"

"बँडेज नाही. कागदाची साडी. दोन टीम करायच्या आणि नवरीला कागदानं सजवायचं. जिची साडी चांगली ती जिंकली."

आत्यानं टिश्यूचं टोक बोटात धरून पाहिलं. ते बोटातच तुटलं.

"खाली रद्दी असेल ना? वर्तमानपत्रं आण. या वाऱ्याला हे पुरायचं नाही."

इरा कागद झटकत खाली पळाली. गच्चीवर दोघीच उरल्या. आत्या खुर्चीत बसली आणि बाकीचे खेळ कोणते ते विचारलं. मयुरानं एकेक सांगितलं. आत्या मध्येमध्ये 'हं' म्हणत होती.

"यात कमलाकर कुठंच नाही," शेवटी ती म्हणाली.

मयुरानं फाटका कागद गोळा करायला घेतला. "आत्या, आज आईचा दिवस आहे."

"ते कळतंय मला."

"मग प्लीज... तू आज बाबांचं काही बोलू नकोस. आई रडेल."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. इरा रद्दीचा गठ्ठा घेऊन आली तसा विषय तिथंच थांबला.

आई अर्धा दिवस भरून दुपारी आली. सोबत कारखान्यातल्या दोघी मैत्रिणी होत्या, रामकली आणि शबनम. आईनं आत्याला पाहिलं आणि चपला काढता काढता म्हणाली, "वन्सं, लवकर आलात."

"तुझी लेक काय गोंधळ घालतेय ते बघायला आले."

दोघी एकमेकींशी एवढंच बोलल्या. मयुराला ते फार थोडं वाटलं. तिनं सतरंजी पसरली, कठड्याला फुगे बांधले, आईच्या खांद्यावरून सोनेरी अक्षरांची पट्टी घातली आणि खेळ सुरू केले. हिवाळ्यातलं ऊन कोवळं होतं. शबनमनं वर्तमानपत्राच्या निऱ्या अशा काही बसवल्या की रामकलीच्या टीमनं आधीच हार मानली. आईच्या छातीवर प्लॉट विक्रीच्या जाहिराती आल्या आणि पदरावर क्रिकेटची बातमी. ती हात पसरून उभी राहिली आणि हसता हसता कागद फाटू नये म्हणून श्वास रोखत राहिली. एवढं हसताना मयुरानं तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. आपण पुण्याहून रजा काढून आलो ते बरं केलं, असं तिला वाटलं.

"आता शेवटचा मोठा खेळ," ती म्हणाली. "दो बातें सच, एक झूठ. आई, तू तीन गोष्टी सांगायच्या. त्यातली खोटी कोणती ते आम्ही ओळखायचं."

आई कागदी साडी सावरत बसली. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलू लागली. पहिली गोष्ट, कामाच्या पहिल्याच दिवशी तिला सेक्शनचा चहा करायला सांगितलं आणि तिनं नाही म्हटलं. दुसरी, एका वॅगनच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात तिनं वेल्डिंगनं एक छोटा 'म' काढला आहे. तिसरी, वेल्डरच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती.

"तीसरी झूठ," मयुरा लगेच म्हणाली. तिच्या हिशोबानं आई कधी नापास झालीच नव्हती.

"पहली," इरा म्हणाली. "काकू किसी को ना बोल ही नहीं सकतीं."

रामकली तोंडावर हात धरून हसत होती. "चाय वाली बात सच्ची है. हम उतईं ठाड़े हते." ती त्या दिवशी तिथंच उभी होती.

"और 'म'?"

"पहरा कौन दे रहा था?" शबनम म्हणाली.

मयुरानं आईकडे पाहिलं. देशाच्या कुठल्या तरी टोकाला, कोळशाखाली नाहीतर गव्हाच्या पोत्यांमागे, तिच्या नावाचं अक्षर रुळांवरून फिरत होतं आणि ते तिला आज कळत होतं.

"म्हणजे मीच बरोबर. तिसरी खोटी."

"हो," आई म्हणाली. "एकदा नाही, दोनदा नापास झाले."

हशा पिकला. मयुराही हसली, पण मध्येच थांबली. त्या दोन्ही वेळी आपण काय करत होतो, आईनं घरी येऊन कोणत्या चेहऱ्यानं पोळ्या लाटल्या असतील, हे तिला आठवेना. तिनं पुढे होऊन आईच्या पदराची उकललेली निरी उगाचच पुन्हा नीट केली.

"आता माझी पाळी," आत्या म्हणाली.

"आत्या, हा फक्त नवरीचा..."

"खेळू दे की," आई म्हणाली.

आत्यानं गुडघा सरळ केला. तीही हिंदीतच बोलली, एकेक शब्द फळ्यावर लिहावा तशी.

"एक. मेरा भाई कमलाकर मुझसे अच्छी रोटी बनाता था."

मयुराचा हात निरीवरच थांबला.

"दो. जयदीप जी को इस घर में पहली बार चाय पर मैं लेकर आई थी. तीन. इस शादी की बात पक्की हुई तो मुझे एक बार भी रोना नहीं आया."

कुणी हसलं नाही. इरानं मयुराकडे पाहिलं. शेवटी शबनम जपून म्हणाली, "दूसरी झूठ होगी, दीदी."

"दुसरीच," मयुरा म्हणाली. तिला माहीत होतं त्याप्रमाणे आई आणि जयदीपराव मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले होते. आत्याला तर हे लग्नच नको होतं. नाहीतर ती इतके दिवस लांब का राहिली असती?

आत्यानं मान हलवली. "चूक."

आई खाली मान घालून पट्टीवरच्या सोनेरी अक्षरावरून बोट फिरवत होती.

"गणपतीत नुसती ओळख झाली," ती मयुराला म्हणाली. "घरी घेऊन आल्या त्या वन्सं. तू पुण्याला होतीस. मला म्हणाल्या, आता तुझं तू ठरव. मी समोर असले तर तू माझं तोंड बघून ठरवशील. म्हणून येईनाशा झाल्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही."

मयुरा आत्याकडे वळली. आत्या डब्याचं झाकण उघडण्यात गुंतली होती. ते घट्ट बसलं होतं.

"फिर झूठ कौन सी है?" रामकलीनं विचारलं. "रोटी वाली?"

आईनं डबा आत्याच्या हातातून घेतला, झाकण उघडलं आणि परत तिच्या पुढ्यात ठेवला.

"नहीं," ती म्हणाली. "रोटी वाली सच है."

शबनमनं सरकून आत्याच्या पाठीशी उशी लावली. आत्यानं डब्यातली करंजी आधी आईच्या हातावर ठेवली.

"गोल व्हायच्या बाबांच्या?" थोड्या वेळानं मयुरानं विचारलं. आज आईसमोर पहिल्यांदाच तो शब्द तिच्या तोंडून आला होता.

"गोल?" आई म्हणाली. "परकार लावल्यासारख्या. आणि वर मला म्हणायचे, तुझ्या पोळीला झाशीच्या जिल्ह्याचा आकार आलाय." ती हसली. रडली नाही.

"और दूल्हे राजा?" रामकलीनं विचारलं. "बना लेत हैं रोटी?"

"पहली बार आए थे, तब मैंने यही पूछा था," आत्या म्हणाली.

"क्या बोले?"

"बोले, आती नहीं. सीख लूँगा." आत्यानं करंजीचा चुरा हातावरून झटकला. "झूठ नहीं बोले, इसलिए दूसरी बार बुलाया."

आता मात्र सगळ्या हसल्या. त्या आवाजानं लागूनच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई कठड्याशी आल्या. कॉलनीत नवीन होत्या, कुणाला फारशा ओळखत नव्हत्या. त्यांची नजर फुग्यांवरून फिरली, मग मयुरावर येऊन थांबली.

"बधाई हो बिटिया. तुम्हारी शादी है?"

मयुरानं तोंड उघडलं. पण तिच्याआधी आत्या उठली होती. गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली, डबा घेतला आणि गच्ची ओलांडून कठड्यापर्यंत चालत गेली. डबा तिनं त्या बाईंपुढे धरला.

"इसकी नहीं," ती म्हणाली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा तिचा आवाज होता. "हमारी भाभी की शादी है. लीजिए, मुँह मीठा कीजिए."