जिन्याखालचा तेलाचा डाग

मी बोलतेय ती उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या एका कॉलनीतल्या जिन्याखालून. मी मोटारसायकल आहे, शंभर सीसीची, काळ्या रंगाची, वय वर्षं बावीस. एवढ्या आयुष्यात माझ्यावर एकच आळ आला, तो म्हणजे मी गळते. आळ खोटा आहे. पण आपलं म्हणणं मांडायची आम्हा गाड्यांची काही सोय नसते, म्हणून इतके दिवस ऐकून घेतलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ट्रकमध्ये दोऱ्यांनी बांधून उभं करून आणलं आणि फ्रीगंजमधल्या दुकानात काचेआड बारा दिवस ठेवलं, एवढंच आठवतं. तिथून विलासरावांनी मला घरी आणलं. ते तेव्हा सिंचन विभागात बाबू होते. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी जळगावहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी आणि रागावलं की दोन्ही, असा या घराचा रिवाज आहे.

त्यांच्या पत्नीने, रजनीताईंनी, माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. नात्यात कुठेही लग्न निघालं की दोघं माझ्यावर बसून भैरवगढला छापाच्या चादरी आणायला जात. येताना चादरींचा गठ्ठा दोघांच्या मध्ये असे आणि रजनीताई सगळा रस्ता बोलत असत. विलासराव फक्त हूं म्हणत. त्यांचा मुलगा मंदार माझ्यावरच गाडी शिकला. माझ्या क्लचप्लेटा त्याने दोनदा जाळल्या, पण मी मनात ठेवलं नाही. घरचं पोर होतं.

रजनीताई गेल्या त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून विलासराव मला पुसायला येतात तेव्हा मागची सीट आधी पुसतात आणि पुढची पुष्कळदा विसरतात. मला ते बघवत नाही. पण सांगायचं कुणाला?

आता मुद्द्याचं सांगते. मागच्या वर्षी भाद्रपदात फ्रीगंजच्या पुलावर बारीक खडी पडली होती. त्या खडीवर माझं चाक घसरलं आणि आम्ही दोघं पडलो. विलासरावांचं कोपर सोलवटलं, माझा फुटरेस्ट वाकला. लागलं फार नाही, पण मंदार घाबरला. तो वरच्या मजल्यावर राहतो, बायको पल्लवीसोबत. खाली येऊन म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाकू. या उमरमध्ये कशाला रिस्क?"

विलासराव म्हणाले, "तुझी आई असती तर तू असं बोलला नसतास."

"आई असती तर तिनेच चावी काढून घेतली असती," मंदार म्हणाला.

दोघंही खरंच बोलले होते. म्हणूनच बहुधा त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. जेवणाचा डबा पल्लवी खाली आणते, निरोप तीच वर नेते. पाण्याची मोटर लावायची का, विजेचं बिल आलं का, सगळं तिच्या तोंडून. बिचारी दिवसातून दहादा जिना चढते-उतरते. मी त्या जिन्याखालीच असते, मला प्रत्येक पाऊल मोजता येतं. मंदारची पावलं यायची ती थेट फाटकापर्यंत जायची.

त्या पडण्यानंतर माझ्याखाली फरशीवर तेलाचे थेंब दिसू लागले. सुरुवातीचे थेंब माझेच होते, ते कबूल करते. खालच्या बोल्टचा वॉशर दबला होता. देवास गेटजवळचा माणिक भैया माझा जुना मिस्त्री. त्याने महिन्याभरात तो बदलला आणि माझ्यापुरतं प्रकरण संपलं. पण डाग संपला नाही. उलट वाढला.

का वाढला, ते फक्त मला ठाऊक होतं.

विलासराव दर शुक्रवारी सकाळी यायचे. शनिवारी तेलाला हात लावायचा नाही हा रजनीताईंचा नियम, म्हणून शुक्रवारीच. डाग बघायचे, चुकचुकायचे आणि बाटलीतलं थोडं इंजिन ऑइल माझ्यात ओतायचे. जेवढं सांडलं तेवढं भरून काढायचं, असा त्यांचा साधा हिशेब. तेल मोजायच्या पट्टीवरची रेघ त्यांना मोतीबिंदूमुळे दिसत नाही आणि ते कुणाला सांगतही नाहीत.

आणि गुरुवारी मंदारला सुट्टी. दुपारी दोन वाजता विलासराव झोपले की तो चपला वर काढून ठेवून अनवाणी खाली यायचा. माझ्यापाशी उकिडवा बसायचा. टायर दाबून बघायचा, ब्रेक ओढून बघायचा. फरशीवर डाग दिसला की त्याचं तोंड उतरायचं. बाबा रस्त्यात असताना तेल संपून इंजिन जाम झालं तर, ही त्याला भीती. मग पँटच्या खिशातून छोटी बाटली काढायचा आणि घाईघाईत तोही माझ्यात तेल ओतायचा. पट्टी बघायला वेळ कुठला? खिडकीकडे एक डोळा, माझ्याकडे एक.

ज्याने मला विकायला सांगितलं तोच लपूनछपून माझी काळजी घेत होता. आणि मी दोघांच्या मायेने ओतप्रोत भरले होते, अक्षरशः. पोटात मावेना तेव्हा ते तेल मागच्या, इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या श्वासाच्या नळीतून बाहेर पडायचं, वाऱ्याने इंजिनभर पसरायचं आणि मग फरशीवर ठिबकायचं. डाग मोठा दिसला की दोघं आणखी ओतायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे की अहो, एकमेकांना विचारा. पण माझा हॉर्नसुद्धा कुणीतरी दाबल्याशिवाय वाजत नाही.

आषाढ लागला तेव्हा विलासरावांचा धीर सुटला. गळती थांबावी म्हणून दोनदा गॅस्केट बदलून झालं होतं, एकदा सील. त्यांनी पल्लवीला सांगितलं, "मंदारला सांग, आता माणिककडे हा शेवटचा चक्कर. या वेळी पण लीकेज मिळालं नाही तर मीच देऊन टाकतो गाडी. त्याला पाहिजे तसं होईल."

देवास गेटपर्यंतचा तो रस्ता मी कशी गेले माझं मला माहीत. बसस्टँडच्या गर्दीत त्यांनी मला अगदी हळू चालवलं. मला भंगाराची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती होती, मी गेल्यावर या माणसाकडे सकाळी उठून हात लावायला काय राहील याची.

माणिक भैयाने या वेळी काहीही खोललं नाही. आधी मला रॉकेलने घासून स्वच्छ धुतलं, कपड्याने कोरडं केलं आणि घामोळ्यांच्या पावडरचा डबा आणून माझ्या सगळ्या इंजिनावर पावडर भुरभुरवली. भर चौकात मी तोंडाला पावडर फासून उभी, बसमधले लोक बघतायत. फार लाज वाटली. मग त्याने मला चामुंडा मातेच्या चौकापर्यंत फिरवून आणलं. जिथून तेल येईल तिथली पावडर ओली होणार, असं त्याचं तंत्र.

गॅस्केटपाशी पावडर कोरडी होती. सीलपाशी कोरडी, बोल्टपाशी कोरडी. फक्त मागच्या नळीच्या तोंडाशी ओली झाली होती. मग माणिक भैयाने पट्टी काढली, पुसली, परत घालून बघितली आणि खाली तसराळं सरकवून बोल्ट सोडला. माझ्यात एक लिटरला थोडं कमी तेल लागतं. निघालं ते जवळजवळ दीड लिटर. त्यातलं लागेल तेवढंच त्याने परत भरलं.

"बाबूजी, गाड़ी में बीमारी कुछ नी है," तो म्हणाला. "तेल ज़्यादा है। भरता कौन है?"

विलासराव म्हणाले की तेच भरतात, पण थोडंसंच. दिवाळीत आणलेली बाटली अजून अर्धी घरी आहे.

माणिक भैयाने हात पुसले. "तो फिर दोनों जने भरते होंगे। मंदार भैया तो मेरे यहाँ से कितनी बोतल ले गए। अभी दस रोज़ पहले ही ले गए हैं। मैं समझा आपने मँगवाई।"

विलासराव बाकावर बसले. चहा आला तो हातातच निवला. मग त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी माझ्यापुढे डोळे पुसले ते दोनदाच. एकदा रजनीताई गेल्या तेव्हा आणि एकदा त्या दिवशी.

मला वाटलं, आता घरी जाऊन बोलतील. पण माणसांना मी अजून ओळखत नाही म्हणायचं. घरी आले, मला जिन्याखाली लावलं, फरशी घासून पुसली आणि आत गेले. पल्लवीला एवढंच सांगितलं की लीकेज मिळालं.

त्या गुरुवारी दोन वाजता ते झोपले नाहीत. पडद्याआड उभे राहिले. मंदार आला, वाकला, फरशी कोरडी दिसली. त्याने खिशातली बाटली चाचपली आणि तसाच वर गेला. पुढच्या गुरुवारी तो चौथ्या पायरीवरूनच बघून परतला. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलाच नाही. विलासराव अर्धा तास पडदा धरून उभे होते. शुक्रवारी तेही आले नाहीत, त्यांनाही आता काम उरलं नव्हतं.

मी दुरुस्त झाले आणि एकटी पडले. गळत होते तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी वाकून माझ्याकडे बघत होतं. आता फरशी लख्ख होती आणि त्या फरशीकडे बघायला कुणी नव्हतं. रजनीताई गेल्यावरसुद्धा मला घर एवढं रिकामं वाटलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी दुपारी विलासराव दाराबाहेर आले. हातात तीच अर्धी बाटली. इकडेतिकडे बघून ते कसेबसे खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि माझ्याखाली फरशीवर त्यांनी सहा-सात थेंब सांडले. सांडले तेही पुढच्या चाकाजवळ, जिथून मी ठरवलं तरी गळू शकत नाही. मग बाटली सदऱ्याखाली लपवून ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. एकदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा केला.

"मंदार," त्यांनी हाक मारली. "गाडी परत गळतेय रे."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मंदार धावतच उतरला, माझ्यापाशी बसला आणि डागाला बोट लावलं. माझ्यातलं तेल एव्हाना काळपट झालेलं. बोटावर आलेलं तेल मधाच्या रंगाचं होतं, बाटलीतून नुकतंच निघालेलं. त्याने माझ्या इंजिनाखालून हात फिरवला. हात कोरडा निघाला. मग त्याने वर बघितलं. बापाचा सदरा एका बाजूला फुगला होता.

एका शब्दाने सगळं उधळलं असतं.

मंदारने बोट पँटला पुसलं. "हो, गळतेय," तो म्हणाला. "कुठून गळतेय ते शोधावं लागेल. वेळ लागेल, बाबा."

"लागू दे," विलासराव म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

मंदारने आतून दोन पाट आणले. दोघं माझ्या दोन बाजूंना बसले आणि चहा होईपर्यंत नसलेलं लीकेज शोधत राहिले. त्याला आता तीन महिने झाले. दर गुरुवारी दोन वाजता मी गळते. चहानंतर मला चालवतो मंदार, विलासराव मागे बसतात. बाकीचे दिवस मी जिन्याखाली एकटीच असते, कुणी फिरकत नाही, आणि संध्याकाळी ते अंगावर येतं.

माझी अब्रू गेली ती गेलीच, शेजारीपाजारी मला गळकी गाडी म्हणतात. म्हणू देत. तुम्हाला मात्र एकच विनंती करते. देवास गेटला गेलात तर माणिक भैयाला यातलं काही सांगू नका. तो भला माणूस आहे, लगेच येईल आणि मला दुरुस्त करून जाईल.