मंजनाच्या डब्यातला शेवट

मी बोलतोय. माझ्या झाकणावर जाऊ नका. त्यावर 'दंतमंजन, जाहिरात' असं लिहिलंय, पण आत मंजनबिंजन काही नाही. आत मी आहे, एका पिक्चरचं शेवटचं रीळ. आता रीळ म्हणजे 'ते', तेव्हा मी 'बोलतंय' म्हणायला पाहिजे. पण व्याकरणात मी पहिल्यापासून ढ.

आमचा पिक्चर एकदम टाइट. एक सेनापती आणि त्याची टोळी मिळून राष्ट्राध्यक्षाची खुर्ची पळवायचा कट करतात. माझे थोरले भाऊ, म्हणजे आधीची रिळं, त्यांच्यात नुसत्या मीटिंगा. दारं बंद, पडदे ओढलेले, सिगारेटींचा धूर. मग सेनापती एका तरुण अधिकाऱ्याला हुकूम देतो, "चौकातल्या गर्दीवर गोळ्या घाल." तो घालतो की नाही घालत, ते माझ्या पोटात. म्हणून मला जरा माज होता.

माज म्हणजे काय, ऐन रंगात आलं की मी मशीनमध्ये अडकून बसायचो. पडदा पांढरा, खाली शिट्ट्या. मशीन चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणायचे. तो मला ओढून काढत म्हणायचा, "टोणग्या, रोज तुझंच कसं रे पोट दुखतं?" मला गुदगुल्या व्हायच्या.

खाली दारावर मावशी असायची. तिकिटं फाडायची. तिनं पिक्चर रोज बघितला, पण शेवट कधीच नाही. मी सुरू झालो की तिला बाहेरची दारं उघडायला पळावं लागायचं. शो सुटला की ती जिना चढून यायची.

"मामा, त्या पोराने काय केलं हो शेवटी?"

"लोकांना विचारा की."

"लोक काय, काहीही सांगतात. मला बघायचंय. नाक अगदी आमच्या पोरासारखं आहे त्याचं."

तिचा पोरगा फौजेत होता.

"एक दिवस तुम्हाला एकटीला लावून दाखवतो," मामा म्हणायचा. "खुर्चीवर मांडी घालून बसा, महाराणीसारखं."

मग एका सकाळी पिक्चर बाहेर आला. खरंच. रस्त्यावर रणगाडे, रेडिओवर नुसता बँड. खऱ्या सेनापतीनं खरी खुर्ची घेतली. दुपारी एक अधिकारी थिएटरात आला. आम्हाला वाटलं, पिक्चर गेला डब्यात. पण तो म्हणाला, "चालू ठेवा की. चांगला आहे. फक्त शेवटचं रीळ द्या इकडे."

म्हणजे सेनापती जिंकतो, तिथंच संपवायचा.

मामानं 'शेवटचं रीळ' लिहिलेला डबा काढून दिला. त्यांनी तो मागच्या अंगणात जाळला. पण मामाची एक खोड होती. एका हातात चहा, दुसऱ्या हाताला लागेल ते झाकण, लागेल त्या डब्यावर. आमच्या खोलीत ज्याचं झाकण त्याला कधी मिळालंच नाही. त्या दिवशी मंजनाची जाहिरात जळाली, हसऱ्या दातांसकट.

मध्यंतराला मामानं मंजनाचा डबा उघडला, तर आत मी. तो खाली बसला. "टोणग्या, तू होय," एवढंच म्हणाला आणि झाकण दाबून लावलं.

रोज भाऊ फिरायचे, मी डब्यात पडून ऐकायचो. माझी पाळी यायची तिथं दिवे लागायचे. शिट्टी नाही, काही नाही. लोक चपला घासत निघून जायचे.

त्याच दिवसांत मावशीच्या पोराची पत्रं बंद झाली. चौकात गोळीबार झाला होता. शेजारीण म्हणाली, तिथं त्याचीच तुकडी होती.

मामानं मला मावशीच्या पिशवीत टाकलं. "मंजन आहे. घरी न्या, पण दात घासू नका. मशीन मोकळं मिळालं की बघू." तिला कळलं. दुसऱ्या दिवशी मामा कामावर आला नाही. नंतरही नाही. थिएटरचं सिमेंटचं गोदाम झालं.

तेव्हापासून मी मावशीच्या कपाटावर. सेनापती गेला, दुसरे आले, तेही गेले. पोरगा आला नाही. मावशीचे केस पांढरे झाले. ती अधूनमधून मला मांडीवर घेते, झाकणावर बोटं ठेवते, आणि परत वर ठेवते. आधी मला वाटायचं, मशीनची वाट बघतेय. आता कळतं. ती घाबरते. त्या पोरानं गोळी घातली असेल तर? झाकली मूठ बरी, असं तिचं चाललंय.

आता मला आंबूस वास यायला लागलाय. म्हातारी रिळं अशीच जातात, आंबून. परवा शेजारीण म्हणाली, "मावशी, फेका तो डबा, घरभर वास मारतोय." मावशी म्हणाली, "राहू दे. मंजन आहे."

आयुष्यभर खोड्या काढल्या, आता अडकलो तर ओढून काढायला कुणी नाही. मावशी, तू तरी ऐक. मशीन नको, आवाज नको. खिडकीपाशी ये आणि मला उजेडात धर. बारकी बारकी चित्रं आहेत, तुझ्या नखाएवढी. चष्मा लाव.

तो पोरगा टोपी काढतो. सेनापतीच्या टेबलावर ठेवतो. आणि हात मागे बांधून उभा राहतो. बस, एवढंच करतो.

उघड ना, मावशी. नाक खरंच तुझ्या पोरासारखं आहे.