लतिकाच्या आवाजासाठी मोकळी ठेवलेली जागा

मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. गिटारवाले मला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. मी जमिनीवर असतो. वाजवणारा माझ्या बटणावर लाथ मारतो आणि मी गिटारचा गोड सूर पोटात चेचून, खरखरीत करून बाहेर फेकतो. मार खायचा आणि मारायचे, हेच माझे काम.

वाडीच्या एका भाड्याच्या खोलीत धम्मानंदने मला बनवले. तो अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. त्याची बायको लतिका भीमगीते गायची आणि मुलगा रोशन तिच्यासोबत गिटार वाजवायचा. लतिकाचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. सुरुवातीला मी त्या आवाजाशी भांडायचो. गिटारच्या जाड सुरांत जोर फार. ते माझ्या पोटात घुसले की आधी तेच फुटायचे आणि बाकीच्या सुरांना चिरडून नुसता चिखल करायचे. त्यात लतिकाचे शब्द बुडायचे.

मग धम्मानंदने माझ्या तोंडाशी असलेला, सूर आत सोडणारा मोठा कपॅसिटर उपटला आणि तिथे लहान बसवला. लहान कपॅसिटर जाड सुरांना आत येऊ देत नाही. माझा आवाज बारीक आणि धारदार झाला. खालची जागा मोकळी झाली आणि तिथे लतिका गायली. लोक तिची वाहवा करायचे, थोडी माझीही.

अमरावती रोडवर एका ट्रकने तिला चिरडले. त्यानंतर मी पलंगाखाली धूळ खात पडलो.

तिचा पहिला स्मृतिदिन जवळ आला. त्या दिवशी रोशनने तिचे गाणे वाजवावे, एवढेच धम्मानंदला हवे होते. रोशनने मला बाहेर काढले, थोडे वाजवले आणि थांबला. मग त्याने मला उघडून मोठा कपॅसिटर परत बसवला. मी पुन्हा चिखल ओकू लागलो. तेवढ्यात धम्मानंद घरात आला.

"आईची जागा बुजवून टाकली तू," तो म्हणाला आणि त्याने रोशनच्या तोंडावर मारले. ओठ फाटला. रोशनने मला भिंतीवर आपटले, वर बुटाने तुडवले. माझे झाकण वाकले, एक तार तुटली. धम्मानंदने पुन्हा हात उगारला.

"ते रिकामं ऐकवत नाही मले, बाबा. तुम्हाले ऐकवते का?"

धम्मानंदचा हात खाली आला. तो पलंगावर बसला.

बऱ्याच वेळाने रोशनने मला उचलले. रक्त पुसत त्याने सोल्डरची तापलेली सळई माझ्यावर टेकवली, तार जोडली आणि लहान कपॅसिटर परत लावला. वाजवीन, म्हणाला, पण गाणे बाबांनी म्हणायचे.

"मले कुठं येते गा?"

"न्हाणीत तर साऱ्या गल्लीले ऐकवता."

स्मृतिदिनी रोशनने मला एवढ्या जोरात लाथ मारली की झाकण अजून वाकले. मी किंचाळलो. धम्मानंद बेसूर गायला, मध्येच त्याचा आवाज फाटला, पण त्याचा प्रत्येक शब्द लोकांना ऐकू गेला. माझा एकही सूर त्याच्या आड आला नाही.

मित्रांनो, मला खुशाल लाथा मारा, मी त्यासाठीच आहे. पण मला उघडून काही भरायचे असेल, तर ती जागा कोणासाठी मोकळी ठेवली होती, ते आधी घरात विचारा.