खोट्यावर नाचणारं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काठाला दोन कान, म्हणजे धरायच्या मुठी, असलेलं जुनं काशाचं घंगाळ, त्यात पाणी, आणि मागे रेशमी झब्ब्यातला घंगाळबाबा. हे भांडं म्हणे तीन हजार वर्षांपूर्वी एका राजाच्या दरबारात न्याय करायचं. खऱ्या माणसाने कान चोळले की पाणी नाचतं, चोराच्या हाताखाली ढिम्म राहतं.

आणि पाणी खरंच नाचत होतं. शेजारच्या शिंप्याने ओल्या तळव्यांनी कान चोळले, तसं घंगाळ गुणगुणलं आणि थेंबांची कारंजी उडाली. लोकांनी हात जोडले.

मग आमच्या आत्याची पाळी. आईच्या हिऱ्याच्या कुड्या हरवल्या होत्या आणि तिचा संशय आमच्याकडे राहणाऱ्या आत्यावर होता. बाबाने आत्याच्या तळव्यांना ‘शुद्धीचं तेल’ लावलं. तिने कान चोळले. पाणी हललंसुद्धा नाही.

वडिलांनी मान खाली घातली. आई म्हणाली, “वन्सं, उद्यापासून दुसरीकडे सोय बघा.”

आत्याने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. तिने शांतपणे विचारलं, शिंप्याला तेल का नाही लावलं? बाबा म्हणाला, शुद्धी पापी हातांनाच लागते.

“म्हणजे निकाल आधीच ठरला होता तर,” म्हणत ती नळावर गेली, साबणाने हात धुतले, घंगाळाचे तेलकट कान पुसले आणि ओल्या तळव्यांनी ते पुन्हा चोळू लागली. थेंब उडाले.

“माझं वय एकवीस.” पाणी नाचलं.

“मी कधी कुणाची चहाडी केली नाही.” पाणी आणखी उंच.

“माझा भाऊ घोरतो ते बासरीसारखं वाटतं.” बाबाचा झब्बा भिजला. आधी वडील हसले, मग सगळं सभागृह.

शिंप्याने स्वतःहून हाताला तेल लावून पाहिलं. पाणी ढिम्म. बाबा ग्रहांबद्दल काहीतरी पुटपुटत दाराकडे सरकला.

आत्याने समजावलं: ओला, स्वच्छ तळवा धातूवर अडकत अडकत घसरतो, त्याने भांडं थरथरतं आणि पाणी उडतं. तेलाने हात नुसताच घसरतो. पेल्याच्या काठावर ओलं बोट फिरवलं की तो गातो, तसंच. असलं भांडं पूर्वी हात धुवायलाही वापरत असतील. कमाल आहे ती असं भांडं ओतून घडवणाऱ्या कारागिराची.

आई तिच्याजवळ गेली. “वन्सं, चुकलं माझं. घरी चला.”

आत्या लगेच उठली नाही. “येते,” ती म्हणाली, “पण पुन्हा माझ्यावर संशय आला, तर मला विचार. भांड्याला विचारू नकोस.”

मीही तुम्हाला एवढंच सांगतो. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा.