अण्णासाहेब टिल्लूंचा शाईचा डाग

“पाणी कोणाच्या मालकीचे नसते. ज्यास तहान लागली, त्याचे ते असते!”

अविनाशरावांनी हे वाक्य अशा काही आवाजात वाचलं की दिल्लीत पहाडगंजच्या मराठी मंडळाच्या त्या हॉलमधले दोन्ही पंखे क्षणभर ऐकायला थांबले असं वाटलं. खरं तर त्यातला एक गुरुवारपासूनच बंद होता. संगमरवरी पाटीवर सोनेरी अक्षरं कोरली होती आणि त्याखाली नाव होतं : जलमहर्षी अण्णासाहेब टिल्लू. पाटीच्या खाली मंडळाचा नवाकोरा वॉटर कूलर, तीन नळांचा, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात उभा होता.

“वा!” अविनाशराव स्वतःलाच म्हणाले. मग त्यांनी खिशातून कुलूप काढून पिंजऱ्याला लावलं. “रविवारी उद्घाटन होईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. बिल्कुल नाही.”

पाटी भिंतीत बसवून घामाघूम झालेला मिस्त्री “साहब, ज़रा पानी...” असं काहीतरी म्हणत होता. त्याला समोरच्या चहावाल्याकडे पाठवण्यात आलं.

हे सगळं अलकनंदाबाई मागच्या रांगेत बसून पाहत होत्या. “ताई, रविवारी तुम्ही दोन शब्द बोलायचे,” अविनाशराव म्हणाले. “तुमचे हात नसते तर हे वाक्य जगाला मिळालंच नसतं. दोनच शब्द हं. चीफ गेस्ट आधीच पंचेचाळीस मिनिटं घेणार आहेत.”

अलकनंदा दिवेकर या सरकारी अभिलेखागाराच्या दुरुस्ती विभागात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. लोक तिथे थोर माणसांची चरित्रं शोधायला येत. बाई त्या थोर माणसांच्या कागदांना पडलेली भोकं बुजवत. त्यांचं नाव आयुष्यात तीनदा छापलं गेलं होतं : लग्नपत्रिकेत, मतदारयादीत आणि अविनाशरावांनी लिहिलेल्या टिल्लूंच्या चारशे वीस पानी चरित्रात. लग्नपत्रिका कुठेतरी हरवली होती. मतदारयादीत नावापुढे फोटो दुसऱ्याच बाईचा होता. राहिलं ते पुस्तक. त्याच्या ऋणनिर्देशात शेवटून दुसरी ओळ होती : ‘आणि या पत्राचे दोन तुकडे आपल्या कुशल हातांनी जोडणाऱ्या श्रीमती अलकनंदा दिवेकर यांचे.’ गुरुग्रामला मुलाच्या सतराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते पुस्तक शोकेसमध्ये उभं असे. पाहुणे आले की ते त्याच पानावर कसं काय उघडतं, हे अनुरागला, म्हणजे मुलाला, कधी कळलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तनयाचा फोन आला. “काकू, मुनिरकाला येता का? प्लीज. फोनवर नाही सांगता येणार.”

तनया टिल्लूंवर पीएच.डी. करत होती. तीन वर्षं झाली होती. तिची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याची आधी परवानगी घ्यावी. बाई वर पोचल्या तेव्हा तनया जमिनीवर दोन फोटोंच्या छापील प्रती पसरून बसली होती.

“टिल्लूंच्या पेट्यांमध्ये एक पाकीट मिळालं. वर लिहिलंय, ‘न जुळलेले तुकडे’. त्यातले हे दोन.” ती जरा थांबली. “काकू, वाळ्याचे पडदे म्हणजे काय?”

“खस गं. खसचे पडदे.” बाई म्हणाल्या. तनयाने फोनवर पाकिटाचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

त्या पाकिटावरचं अक्षर त्यांचंच होतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बाई त्या विभागात लागल्या. उन्हाळ्यातही तिथे गारवा असे. पसरट ट्रेमध्ये पाणी असे आणि त्यात जुने कागद निजलेले. पाण्यात गेलं की कागद सैल होत, घड्या सोडत, हळूहळू तळापासून वर येत. खिडकीतून ऊन यायचं आणि शंभर वर्षांपूर्वीची अक्षरं ट्रेच्या तळाशी सावलीसारखी हलायची. बाईंना वाटायचं, ही माणसं पोहताहेत. कुणी दिवाण, कुणी तहसीलदार, कुणी अर्जदार, सगळे एकाच पाण्यात. आणि पाण्यात कोण मोठा, कोण लहान, हे ओळखू येत नाही.

विभागाचे उस्ताद नज़ीर होते. चष्म्याच्या एका काडीऐवजी त्यांनी दोरा बांधलेला असे. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना सांगितलं, “बिटिया, फटन से फटन मिलाओ. मतलब मत मिलाओ. मतलब मिलाना पढ़नेवालों का काम है, हमारा नहीं.”

विभागातल्या बाकी अकरा जणांना हे अगदी सोपं जाई. मराठी पेट्या आल्या की त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येत नसे, त्यामुळे ते चुकत नसत. त्या खोलीत मराठी येणारं माणूस एकच होतं.

टिल्लू एका संस्थानाचे कालव्यांचे मुख्य अधिकारी होते. त्यांच्या पेटीतल्या दोन कागदांचे चार तुकडे झाले होते. कागद एकाच गठ्ठ्यातला, शाई एक, कचेरीतला कारकून एकच, म्हणून अक्षरही एक. फाटलेल्या कडा वाळवीने कुरतडलेल्या. चोवीस वर्षांच्या अलकनंदाने वरचा तुकडा वाचला : ‘अकरा वर्षे कालव्याचे कामी देह झिजविला. आता या वयात एकच सांगणे आहे, ते असे की’. मग तिने खालचा तुकडा उचलला : ‘पाणी कोणाच्या मालकीचे नसते. ज्यास तहान लागली, त्याचे ते असते. तरी नळ उघडावा.’ तिच्या अंगावर काटा आला. कड एका जागी किंचित बसत नव्हती, तिथे तिने कागदाचा लगदा भरला. त्या रात्री झोपेतसुद्धा ते वाक्य पाण्यावर तरंगत होतं.

पुढचं अविनाशरावांनी केलं. ‘तरी नळ उघडावा’ हे शेवटचं वाक्य जागेअभावी पाटीवर आलं नव्हतं. पण पुस्तकात नळ म्हणजे स्वातंत्र्य, हे त्यांनी नऊ पानांत सिद्ध केलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात शाईचा एक डाग होता. त्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘भावनावेगाने महर्षींचा हात थरथरला असावा.’

आणि आता मुनिरकाच्या फरशीवर उरलेले दोन तुकडे पडले होते. तनयाने वाचलं, “हा वरचा. ‘मी कौशल्या, कालव्यावर दरड कोसळून मेलेल्या गणू बेलदाराची बायको. आमचे वस्तीचे नळास साहेबांचे हुकुमाने कुलूप घातले आहे. साहेबांनी ध्यानी घ्यावे की’. इथे तुटलंय. आणि हा खालचा. ‘बंगल्याचे दिवाणखान्यास वाळ्याचे दोन पडदे जास्त मिळावेत. उन्हाळा सोसवत नाही.’”

बाईंनी पर्समधून जाड भिंगाचा चष्मा काढला. जोडलेल्या पत्राचीही एक प्रत तनयाकडे होती. ती बाईंनी सांध्यावर घडी घालून फाडली आणि चारही तुकडे फरशीवर मांडले. या वेळी त्यांनी काही वाचलं नाही. नुसत्या कडा पाहिल्या. दोन मिनिटांत दोन कागद झाले. लगद्याची गरजच पडली नाही.

“डाग बघ,” त्या म्हणाल्या.

तनयाने फोनवर फोटो मोठा केला. डागात रेघा होत्या. गोल, एकात एक. अंगठा होता.

“ओह शिट. सॉरी काकू.” तनया भिंतीला टेकून बसली. “माझे दोन चॅप्टर गेले.”

खालच्या गल्लीत कुणीतरी पाण्याच्या टाकीची मोटर लावली.

“काकू, एक सांगू? चव्वेचाळीस वर्षं ते पाकीट कुणी उघडलं नाही. मी परत ठेवलं तर अजून चव्वेचाळीस वर्षं कोण उघडणारे?”

“तुला ठेवायचंय?”

“मला माहीत नाही यार... सॉरी. तुम्ही सांगा. नाव तर तुमचंच जाणार ना.”

बाईंनी अविनाशरावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“ताई,” अविनाशराव म्हणाले, “पाटी लागली आहे.”

“हो, पण वाक्य टिल्लूंचं नाही.”

“नसेल. पण शोभतं त्यांना. नाही का? आणि पडदे मागितले म्हणून माणूस लहान होत नाही. मीसुद्धा मिनिस्ट्रीत असताना एसी मागितला होता.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तुमचा विचार करा. छत्तीस वर्षांची नोकरी, आणि लोकांच्या लक्षात काय राहणार? दिवेकरबाईंनी चुकीचं जोडलं. उद्या फक्त नमस्कार करा आणि खाली बसा. चलो, ठेवतो.”

त्या रात्री सतराव्या मजल्यावर बाईंना स्वप्न पडलं. बाल्कनीबाहेर, जिथे पाय ठेवायला काही नाही अशा जागी, एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. गुरुग्रामचे सगळे टॉवर ट्रेमधल्या कागदांसारखे हळूहळू वर येत होते, सैल होत होते. “अगं आत ये,” अलकनंदाबाई तिला म्हणाल्या. ती म्हणाली, “येते, पण मला जोडलंय दुसरीकडे.” एवढं बोलून ती रांगेत उभं राहिल्यासारखी उभीच राहिली.

सकाळी बाईंनी शोकेसमधून पुस्तक काढलं, ऋणनिर्देशाचं पान उघडलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पुस्तक पर्समध्ये ठेवलं.

रविवारी बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. हॉल भरला होता. चीफ गेस्ट जाममध्ये अडकले होते आणि दर दहा मिनिटांनी “बस, पोचतच आहेत” अशी घोषणा होत होती. लहान मुलं पिंजऱ्याच्या जाळीतून बोटं घालून नळांपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती. “रुको बच्चो, आधी उद्घाटन!” अविनाशराव त्यांना हाकलत होते. वेळ भरून काढायला शेवटी त्यांनी माइकवर बाईंचं नाव पुकारलं, आणि नाव घेताना दोन्ही हात जोडले. तो नमस्कार नव्हता, विनवणी होती.

बाईंनी पर्समधून दोन कागद काढले. रात्री त्यांनी प्रती नीट कापून, टिशू लावून जोडल्या होत्या.

“मला बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “वाचून दाखवते.”

पहिलं पत्र त्यांनी वाचलं. अकरा वर्षं झिजलेला देह वाळ्याच्या पडद्यांपाशी येऊन पोचला तेव्हा लोकांना वाटलं काही विनोदी कार्यक्रम आहे. ते मोकळेपणी हसले. अविनाशराव पाटीकडे पाहत राहिले.

मग बाईंनी दुसरं पत्र वाचलं. नवऱ्याचं नाव वाचलं, कुलूप वाचलं, आणि पाटीवर कोरलेलं वाक्य आलं तेव्हा हॉलमधलं हसू पुढच्या रांगेपासून मागे विझत गेलं.

“सही नाही,” बाई म्हणाल्या. “अंगठा आहे. पुस्तकात त्याला शाईचा डाग म्हटलंय. ही बाई कौशल्या. जोडताना चूक झाली ती माझी. मला वाचता येत होतं, म्हणून झाली.”

त्यांनी पर्समधलं पुस्तक काढून अविनाशरावांच्या हातात दिलं. ते आपोआप त्याच पानावर उघडलं. “पुढच्या आवृत्तीत ही ओळ काढा.”

मागे तनया उभी होती. तिने हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि नवीन पान उलटलं.

माइक चालू आहे हे विसरून अविनाशराव बाईंच्या कानाशी वाकले. “ताई, सगळं ठीक आहे. पण चीफ गेस्ट गेटवर पोचले. आता या पाटीचं काय करू?”

बाईंनी पाटीकडे पाहिलं. मग त्याखालच्या पिंजऱ्याकडे, आणि जाळीला नाक लावून उभ्या असलेल्या मुलांकडे.

“पाटी राहू दे हो,” त्या म्हणाल्या. “तेवढा नळ उघडा.”