आपल्या माणसाचं मत

वेंडेल प्रूइट संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून एकेक नाव मागे टाकत होता. देशभरातले बासष्ट क्रीडापत्रकार, आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या मते त्या आठवड्यातले सर्वोत्तम पंचवीस कॉलेज फुटबॉल संघ. या सगळ्यांची मिळून एक यादी बने, आणि टीव्हीवर कोणाचा सामना दाखवायचा ते तिच्यावर ठरायचं. वेंडेलला त्यातलं एकच नाव हवं होतं. हार्लन मॅकी.

आत त्याची बायको जोलीन हार्लनसाठी पिकॅन पाय हा सुक्यामेव्याचा गोड पदार्थ भाजत होती.

वेंडेल ब्रायर्स क्रीक या छोट्या कॉलेजचा कोच. त्याच्या पोरांनी यंदा दहापैकी दहा सामने जिंकले होते. केंड्रिक हे तासाभरावरचं मोठं विद्यापीठ तीनदा हरलं होतं, तरी ते यादीत आठवं आणि ब्रायर्स क्रीक सतरावं. काल शेवटच्या मिनिटात जिंकलेला सामना टीव्हीवर अकरा सेकंद दिसला. त्याआधी केंड्रिकच्या मुख्य खेळाडूच्या कुत्र्याच्या ऑपरेशनची बातमी दोन मिनिटं चालली होती. दहा वर्षांत वेंडेलला याची सवय झाली होती. या अन्यायाविरुद्ध लिहिणारा एकटा हार्लन होता. काउंटीच्या छोट्या दैनिकात दर गुरुवारी तो टीव्हीवाल्यांची सालटी काढायचा, आणि ब्रायर्स क्रीकचा एकही सामना त्यानं कधी चुकवला नव्हता. त्या बासष्टांत आपला हा एक माणूस आहे, एवढ्यावर वेंडेल निश्चिंत असे. त्याचं मत बघायची वेळच कधी आली नव्हती. आज बघायचं ते आभार मानण्यासाठी.

दूर ओरेगॉनच्या कुणा अनोळखी बाईनं ब्रायर्स क्रीकला चौथं ठेवलं होतं. मेन राज्यातल्या एकानं सहावं. मग हार्लनचं नाव आलं. केंड्रिक पाचवं. वेंडेल खाली जात राहिला. ब्रायर्स क्रीक बाविसावं.

ओळ चुकली असेल म्हणून त्यानं परत पाहिलं. मग मागचे आठवडे उघडले. तेविसावं. चोविसावं. ज्या आठवड्यात हार्लनचा सगळ्यात जहाल लेख आला होता, त्या आठवड्यात नावच नव्हतं.

"कितवा नंबर दिला त्यानं?" असं विचारत जोलीन हात पुसत बाहेर आली. "दिसला का?"

"वरचा," वेंडेल म्हणाला आणि त्यानं संगणक बंद केला.

सोमवारच्या पत्रकार परिषदेला नेहमीप्रमाणे हार्लन एकटाच आला. वेंडेलनं पिकॅन पायचा खोका त्याच्यापुढे ठेवला, जोलीननं दिलाय म्हणून सांगितलं. हार्लन दोरी सोडू लागला.

"बाविसावे, हार्लन?"

दोरीवरची बोटं थांबली. तू कधीपासून बघतोस ती यादी, असं त्यानं विचारलं. कालपासून, वेंडेल म्हणाला. मग हार्लन बराच वेळ बोलला. पहिल्या वर्षी त्यानं ब्रायर्स क्रीकला सहावं ठेवलं होतं, तेव्हा मोठ्या शहरातल्या लोकांनी रेडिओवर नाव घेऊन त्याची टर उडवली होती. गावचा माणूस गावाला मत देतो म्हणाले. असंच चाललं तर मताचा हक्क काढून घेतील.

"आणि मत गेलं तर तुमच्या बाजूनं कोण राहणार, सांग?"

"आत्ता कोण आहे?"

हार्लननं खिशातून वही काढून टेबलावर ठेवली.

"तू दहाही सामने पाहिलेस," वेंडेल म्हणाला. "खरं सांग. कितवे आहोत आम्ही?"

"चौथे." हार्लननं दोरीची गाठ परत मारली. "फार तर पाचवे."

मग त्यानं वही उघडून शनिवारच्या सामन्याबद्दल तीन प्रश्न विचारले. वेंडेलनं तिन्हींची उत्तरं दिली. जाताना हार्लन खोका घेऊन गेला.

दुपारी सरावाआधी टेव्हिन ओडम ऑफिसात आला. चेंडू हातात घेऊन पळण्यात त्याच्या तोडीचा खेळाडू सबंध राज्यात नव्हता. केंड्रिकवाल्यांनी गेल्या वर्षीही त्याला बोलावलं होतं. तेव्हा वेंडेल त्याच्या घरी जाऊन आईसमोर बसला होता. जिंकत राहा, लोकांना बघावंच लागेल, असं म्हणाला होता. पोरगं थांबलं होतं.

"परत निरोप आलाय, कोच. हंगाम संपला की ये म्हणतात." टेव्हिन हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होता. "आई म्हणते, कोच सांगतील तसं कर. तुम्ही थांब म्हणालात तर मी थांबतो."

वेंडेल उठला. टेबलाला वळसा घालून त्यानं आपली खुर्ची पोराकडे वळवली.

"बस," तो म्हणाला. "इथूनच फोन कर त्यांना, येतो म्हणून सांग. बाहेर बाकीचे ऐकतील."

आणि तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं, आणि वाट बघत उभ्या असलेल्या पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितलं.